कणगीतले शहाणपण : धान्यातले टोके, विषारी गोळी आणि झाडपाल्याचे शास्त्र

गेल्या रमजानची गोष्ट. सव्विसावा रोजा होता. मी सुट्टी काढून माहेरी, रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावी गेले होते. असरची नमाज आटोपून अम्मीने फितऱ्याचा तांदूळ मोजायला घेतला. आम्ही कोकणातले शाफई. आमच्याकडे आजही पुष्कळ घरांत फितरा रोख न देता धान्यानेच दिला जातो. माणशी अडीच-तीन किलो तांदूळ आणि घरात नऊ माणसे. भाभीने पत्र्याच्या ड्रमचे झाकण उघडले, पायली आत घातली आणि तशीच थांबली.

पायलीत तांदळापेक्षा टोकेच जास्त चालत होते. बारीक काळपट किडे, पुढे सोंड काढून लगबगीने वर येणारे. तांदूळ हातात घेतला तर पांढरे पीठ बोटांना लागले. दाण्यादाण्याला सुईने टोचावे तसे भोक.

"हे कुणाच्या दारात नेऊन देणार?" अम्मी म्हणाली. "आपल्या ताटात चालत नाही ते अल्लाहच्या नावाने द्यायचं?"

तिचे म्हणणे खरेच होते. किडीने पोखरलेले धान्य फितऱ्यात चालत नाही, हे आमच्या फुकहांनी स्पष्ट सांगून ठेवले आहे. त्या दिवशी फितऱ्यासाठी दुकानातून नवा तांदूळ आणला गेला. पण ड्रममधला उरलेला दीड-दोन मण तांदूळ? तो टाकून द्यायचा म्हणजे इसराफ. भाच्याने तोडगा काढला. तालुक्याच्या गावी मोटारसायकलने गेला आणि एका दुकानातून कागदाच्या पुडीत चार गोळ्या घेऊन आला. "दोन गोळ्या टाका, सकाळपर्यंत सगळे मरतात," एवढेच दुकानदाराने सांगितले होते. पुडीवर नाव नाही, सूचना नाही. चारही गोळ्या ड्रममध्ये पडल्या. ड्रम होता माजघरात. शेजारच्या खोलीत अम्मी आणि भाच्याचा तीन वर्षांचा मुलगा झोपत.

पहाटे सहरीला अम्मी उठली आणि म्हणाली, "आज लसूण कुणी ठेचला?" कुणीच ठेचला नव्हता. तिचे डोके ठणकत होते, मळमळत होते. तेवढ्यात आत पोराला उलटी झाली. एक झाली, लगेच दुसरी. भाभीने त्याला उचलून अंगणात आणले, भाच्याने दारे-खिडक्या सताड उघडल्या आणि आम्ही दोघांना घेऊन दवाखाना गाठला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "घरात धान्यात गोळी टाकली का?"

अल्लाहची मेहरबानी, दोघेही वाचले. पोर दोन दिवस देखरेखीखाली होते. पण डॉक्टरांचे एक वाक्य माझ्या मनातून जात नाही. ते म्हणाले, "या विषावर उतारा नाही. वास आला आणि तुम्ही उठलात, म्हणून आज आपण बोलतोय."

मी शाळेत विज्ञान शिकवते. तरीही त्या रात्री घरात काय ठेवले जात आहे, हे मी विचारले नव्हते. म्हणून ईदनंतर हा विषय मुळापासून वाचून काढला. जे समजले ते आपल्या घराघरात पोहोचावे म्हणून हा लेख.

गोळीत काय असते?

धान्याची ही गोळी म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतला ओलावा लागला की तिच्यातून फॉस्फीन नावाचा वायू सुटू लागतो. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून साधारण एक ग्रॅम वायू बाहेर पडतो. तो दाण्याच्या आतपर्यंत शिरतो आणि अळीलाही मारतो, म्हणूनच गोदामांत तो वापरतात. पण तोच वायू झाकणाच्या फटीतून, दाराखालून शेजारच्या खोलीतही शिरतो. शरीरात गेला की पेशींचा श्वासच बंद पाडतो. हृदय आणि फुप्फुसे आधी सापडतात. लसणासारखा किंवा सडलेल्या मासळीसारखा वास येतो, पण झोपलेल्या माणसाला तो कळेलच असे नाही.

आपल्या देशात या गोळीचा वापर कायद्याने मर्यादित आहे. सरकारी गोदामे आणि परवानाधारक धुरीकरण करणारे तज्ज्ञ यांनीच ती हवाबंद जागेत, राहत्या घरापासून दूर वापरायची आहे. घरातल्या ड्रमसाठी ती कधीच नव्हती. पुडीत बांधून सुटी विकणे तर सरळ गुन्हाच.

गंमत अशी, की ज्या किड्यांसाठी हे सगळे करायचे तेही आता या वायूला सरावत चालले आहेत. भारतासह अनेक देशांत लहान भुंगेरा आणि तांबडा भुंगेरा यांच्यात फॉस्फीन पचवण्याची ताकद आली आहे. गोदामांचा दुसरा मोठा वायू मिथिल ब्रोमाइड. तो ओझोनच्या थराला घातक ठरल्यामुळे मॉन्ट्रियल कराराखाली, काही अपवाद सोडले तर, जगभर बंद करण्यात आला. त्यामुळे गेली चाळीस-पन्नास वर्षे शास्त्रज्ञ पुन्हा झाडांकडे वळले आहेत. आपल्या आजी-नानी जे धान्यात ठेवत होत्या, त्याचीच आता प्रयोगशाळेत परीक्षा होते आहे. त्यातले काही उत्तम उतरले, काही मध्यम, आणि काही चक्क धोक्याचे निघाले.

आधी शत्रू ओळखा

आपण सगळ्यांनाच किडे म्हणतो. पण प्रत्येकाची खोड वेगळी आणि उपायही वेगळा.

पहिला टोका, म्हणजे सोंडकिडा. तांदूळ, गहू, ज्वारी, मका यांना लागतो. मादी सोंडेने दाण्याला भोक पाडते, आत एक अंडे घालते आणि वरून चिकट लुकण लावून भोक बुजवते. बाहेरून दाणा धडधाकट दिसतो. आत अळी जन्मते, दाणा खाते, कोष करते आणि महिन्याभराने पूर्ण वाढलेला टोका भोक पाडून बाहेर येतो. एक मादी तीनशेच्या आसपास अंडी घालू शकते. म्हणजे तुम्ही चाळून टोके काढले तरी पुढची पिढी दाण्यांच्या पोटात शिल्लकच असते. "परवाच निवडले, आज पुन्हा कुठून आले?" या प्रश्नाचे हे उत्तर.

दुसरा लहान भुंगेरा. हा गव्हाचा शत्रू. हा खातो कमी आणि पीठ करतो जास्त.

तिसरा तांबडा भुंगेरा. रवा, मैदा, पीठ, बेसन यांत दिसतो. धडका दाणा त्याला फारसा फोडता येत नाही. आधीच फुटलेले, कणी झालेले धान्य त्याला लागते. तो अंगातून एक उग्र द्रव्य सोडतो, म्हणून किडलेल्या पिठाला तो विचित्र वास येतो.

चौथा खापरा. याची केसाळ अळीच नुकसान करते. भिंतीच्या आणि पोत्याच्या शिवणीच्या फटीत ती अन्नावाचून कित्येक महिने तग धरते. म्हणून जुने पोते नव्या धान्याला वापरणे हे घरात चोर बोलावण्यासारखे.

पाचवा कडधान्याचा भुंगा. मूग, चवळी, हरभरा, तूर यांच्यावर पांढरे ठिपके दिसले की ती त्याची अंडी समजावी. मादी दाण्याच्या सालीवर अंडे चिकटवते, अळी तिथूनच आत शिरते. मोठा झालेला भुंगा धान्य खातही नाही. आठ-दहा दिवस जगतो, अंडी घालतो आणि मरतो. ही लागण अनेकदा शेतातूनच घरात येते. डाळ भरडून ठेवली तर तिला हा भुंगा कमी लागतो. घरोघरी सुगी झाली की लगेच जाती फिरायची त्यामागे हेही एक कारण होते.

कडुनिंब : बाराबंकीच्या मुलाची कमाई

कडुनिंबाचा वाळलेला पाला धान्यात घालणे आपल्याकडे इतके जुने आहे की त्याचा शोध कुणी लावला, असे विचारायलाही जागा नाही. पण या कडू झाडात नेमके काय आहे, हे रसायनशास्त्राच्या पद्धतीने पहिल्यांदा उलगडले ते डॉ. सलीमुज्जमाँ सिद्दीकी यांनी.

त्यांचा जन्म १८९७ साली उत्तर प्रदेशातल्या बाराबंकीजवळच्या सुबेहा गावी झाला. अलीगढला ते फारसी आणि तत्त्वज्ञान शिकले, मग परदेशी गेले आणि जर्मनीतल्या फ्रँकफुर्टमधून १९२७ साली रसायनशास्त्राचे डॉक्टर होऊन परतले. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात हकीम अजमल खान यांच्या प्रेरणेने युनानी आणि आयुर्वेदिक वनस्पतींवर संशोधन सुरू झाले. सर्पगंधेतून त्यांनी हृदयावर उपयोगी पडणारे द्रव्य वेगळे काढले आणि आपल्या उस्तादांच्या स्मरणार्थ त्याला 'अजमलीन' असे नाव दिले. १९४२ साली त्यांनी कडुनिंबाच्या तेलातून निंबिन, निंबिनिन आणि निंबिडिन ही तीन द्रव्ये वेगळी केली. १९५१ साली ते कराचीला गेले, शेवटपर्यंत प्रयोगशाळेत राबत राहिले आणि १९९४ साली त्यांचे निधन झाले.

पुढची पायरी दिल्लीत पडली. १९६२ साली भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या डॉ. प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिकावर निंबोळीच्या गराचे अगदी पातळ पाणी फवारले. टोळधाड आली, शेतात उतरली, पण फवारलेल्या पानाला तोंड लावले नाही. त्याआधी तीन वर्षे सुदानमध्ये एका जर्मन शास्त्रज्ञानेही हेच पाहिले होते. टोळांनी सगळे हिरवे फस्त केले, फक्त कडुनिंब उभा राहिला. यामागचे मुख्य द्रव्य ॲझाडिराक्टिन. ते १९६८ साली इंग्लंडमध्ये वेगळे करण्यात आले. त्याची रचना इतकी गुंतागुंतीची, की केंब्रिजच्या शास्त्रज्ञांना ते प्रयोगशाळेत तयार करायला बावीस वर्षे लागली. २००७ साली ते जमले. अल्लाहने दारातल्या झाडाला जी गोष्ट सहज दिली, ती करायला माणसाला एवढे खपावे लागले.

ॲझाडिराक्टिन किड्याला फॉस्फीनसारखे तडकाफडकी मारत नाही. एक तर त्याची भूक मारते. दुसरे, किड्याच्या अळीला वाढताना कात टाकावी लागते, आणि त्यासाठी तिच्या शरीरात एक संप्रेरक काम करते. ॲझाडिराक्टिन त्याच कामात अडथळा आणते. अळी कात टाकू शकत नाही आणि तशीच मरते. माणूस कात टाकत नाही, त्यामुळे हा वार आपल्यावर बसत नाही.

आता घरच्या कामाची गोष्ट. हे द्रव्य पाल्यात फार थोडे असते. खरा साठा निंबोळीच्या बीमध्ये असतो. दिल्लीतच १९६५ साली झालेल्या प्रयोगात शंभर भाग गव्हाला एक-दोन भाग निंबोळीच्या गराची पूड मिसळली, तेव्हा तो गहू सोंडकिडा, लहान भुंगेरा आणि खापरा यांच्यापासून साधारण नऊ महिने ते वर्षभर सुरक्षित राहिला. पण अशी पूड चोळलेला गहू कडू होतो. म्हणून ती बियाण्यासाठी वापरावी. खायच्या धान्यात सावलीत वाळवलेला पाला थरांमध्ये घालावा. तो किडे रोखायला हातभार लावतो, मात्र भरलेली कीड मारून टाकील अशी अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नये. कडुनिंबाचे तेल लहान बाळांना पाजू नये हेही इथेच सांगते. त्याने बाळांना गंभीर विषबाधा झाल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत.

नानीचे वेखंड

माझी नानी कडधान्याच्या मडक्यात वेखंडाचा तुकडा ठेवत असे. आम्हाला तो वास आवडायचा नाही. किड्यांनाही आवडत नाही, असे ती म्हणे.

१९७७ साली जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी 'नेचर' या जगप्रसिद्ध नियतकालिकात वेखंडावरचे निष्कर्ष मांडले. वेखंडात बीटा-ॲसरोन नावाचे द्रव्य असते. त्याच्या संपर्कात आलेल्या कीटक-माद्यांची बीजकोशे खुरटतात. मादी जगते, पण तिची वीण थांबते. टोक्यांपासून कडधान्याच्या भुंग्यापर्यंत अनेकांवर वेखंडाचा परिणाम दिसला आहे. म्हणजे नानीचे मडके उगाच स्वच्छ राहत नव्हते.

पण याच बीटा-ॲसरोनची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. उंदरांना ते दीर्घकाळ खायला घातले तेव्हा त्यांना कर्करोग झाला. त्यामुळे अमेरिकेने १९६८ सालापासून वेखंड खाद्यपदार्थांत वापरायला मनाई केली. युरोपातल्या वेखंडात हे द्रव्य कमी असते, आपल्या भारतीय वेखंडात भरपूर. तेव्हा वेखंडाची पूड खायच्या धान्यात कधीही मिसळू नये. तुकडा जाड फडक्याच्या पुरचुंडीत बांधून वर ठेवावा, आणि ते धान्य शिजवण्यापूर्वी दोन-तीन पाण्यांनी धुवावे. बियाण्यासाठी मात्र वेखंडाची पूड बेलाशक वापरावी.

झाडाचे आहे म्हणून निर्धोक आहे, हा समज आपल्याकडे फार खोल रुजला आहे. सीताफळाच्या बियांची पूड किड्यांना मारते, तशी ती माणसाच्या डोळ्यालाही भयंकर इजा करते. धान्याजवळ ती आणूच नये. आणि किराण्यात मिळणारी पारद टिकडी तर झाडाचीही नाही. पारा हा मेंदूला आणि मूत्रपिंडांना घातक धातू आहे. तो आपल्या तांदळात ठेवायचा, मग त्याच तांदळाची खीर पोरांना द्यायची, हे बंद झाले पाहिजे. बोरिक पावडरचेही तसेच. कॅरमच्या पाटावर ती शोभते. तुरीच्या डाळीला चोळायला नको.

मसाल्याच्या डब्यातले रक्षक

लवंगेचा सुगंध युजेनॉल या द्रव्याचा. निलगिरीचा सिनिओलचा. हळदीत टर्मेरोन, लसणात गंधकयुक्त तेले, मिरीत पायपरिन. झाडांनी ही द्रव्ये आपल्या बिर्याणीसाठी बनवली नाहीत. किडे, बुरशी आणि चरणारी जनावरे यांच्यापासून जीव वाचवण्यासाठी ती बनली.

युजेनॉलसारखी काही सुगंधी द्रव्ये किड्याच्या मज्जासंस्थेतल्या ऑक्टोपामिन नावाच्या निरोप्याच्या कामात ढवळाढवळ करतात. किड्याची हालचाल, ताकद यांचा कारभार बराचसा त्याच्यावर चालतो. आपल्या शरीरात त्याला तसे महत्त्व नाही. म्हणून किड्याला जे भारी पडते ते आपण चहात घालून पितो. हळदीतल्या टर्मेरोनचा तांबड्या भुंगेऱ्याला तिटकारा असल्याचे १९८० च्या दशकातल्या प्रयोगांत दिसून आले.

मग बाजारात लवंगेच्या तेलाची धान्य-गोळी का मिळत नाही? याला कारणे आहेत. ही तेले उडून जातात, काही आठवड्यांत जोर ओसरतो. प्रयोगशाळेतल्या छोट्या बरणीत जेवढे तेल लागते, त्या हिशेबाने पोतेभर तांदळाला घातले तर भाताला लवंगेचाच वास येईल. आणि दाण्याच्या पोटात बुजवून ठेवलेल्या अळीपर्यंत हा सुगंध पुरेसा पोहोचत नाही. म्हणून लवंगा, तमालपत्र, निर्गुडीचा पाला यांना पहारेकरी समजावे. चोर आत शिरल्यावर पहारेकरी बसवून उपयोग नाही.

एक रक्षक मात्र कामाला पक्का आहे : साधे खाद्यतेल. कडधान्याला किलोमागे चहाचा एक चमचा, म्हणजे सुमारे पाच मिलिलिटर, शेंगदाण्याचे तेल किंवा एरंडेल चोळले की भुंग्याच्या अंड्यांवर तेलाचा थर बसतो आणि आतल्या जिवाला हवा मिळत नाही. आफ्रिकेत चवळीवर आणि दक्षिण अमेरिकेत घेवड्यावर याचे प्रयोग झाले आणि ते यशस्वी ठरले. आपल्याकडे तुरीला एरंडेल चोळण्याची रीत कधीपासूनची आहे. दाण्यादाण्याला तेल लागले पाहिजे, तेवढी मेहनत हाताने करावी.

राजमाचीही एक गंमत सांगण्यासारखी आहे. चवळी-मुगाला पोखरणाऱ्या भुंग्याची अळी राजम्यात वाढत नाही. राजम्यात एक प्रथिन असते, ते अळीच्या पोटातले पिष्ट पचवणारे रसायन निकामी करते. अळी भरल्या ताटावर उपाशी मरते. आपण राजमा शिजवतो तेव्हा या प्रथिनाची शक्ती उष्णतेने संपते.

घरात काय करावे?

वाचून आणि एक हंगाम करून पाहून जे हाती लागले, ते क्रमाने सांगते.

पहिले, धान्य कडकडीत वाळवा. दाण्यात दहा टक्क्यांहून कमी ओलावा असेल तर टोक्याची वीण फार मंदावते. दाताखाली दाणा 'कट्‌' वाजला पाहिजे. कडधान्य आणि बियाणे सोडून इतर धान्यालाही ऊन द्या, पण गरम धान्य लगेच डब्यात भरू नका. सावलीत निवू द्या, नाहीतर आत घाम सुटतो.

दुसरे, कडधान्याला आधीच भुंगा असेल तर कडक उन्हात काळ्या प्लास्टिकवर पातळ थर पसरा, वर पारदर्शक प्लास्टिक घाला आणि कडा दगडांनी दाबा. आत ५५ ते ६० अंश तापमान गेले आणि तासभर टिकले की अंडी-अळ्यांसकट सगळे मरते. शहरात अंगण नसेल तर दोन-तीन किलोच्या पिशव्या आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये ठेवा. तोच परिणाम होतो.

तिसरे, ड्रम रिकामा करून घासा, उन्हात तापवा. जुने पोते उकळत्या पाण्यातून काढा. जुन्या धान्यावर नवे ओतू नका.

चौथे, ड्रम काठोकाठ भरा आणि झाकण हवाबंद करा. आत हवा कमी राहिली की किडे स्वतःच ती संपवतात आणि गुदमरतात. हरिपूरच्या हळदीची पेवे, शेणामातीने लिंपलेली कणगी यांतही हेच तत्त्व होते. रोज लागणारे धान्य वेगळ्या डब्यात काढा. मोठा ड्रम सारखा उघडू नका.

पाचवे, आता पहारेकरी. तळाशी, मध्ये आणि वर सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला, वेखंड पुरचुंडीत, कडधान्याला तेल. बियाण्याला निंबोळीची पूड किंवा चुलीची चाळलेली राख. राख दाण्यांमधल्या फटी भरते आणि किड्याच्या अंगावरचे मेणाचे कवच खरवडते. मग त्याच्या अंगातले पाणी उडून जाते.

सहावे, दर पंधरा दिवसांनी मूठभर धान्य काढून पाहा. एखादा टोका दिसला तर त्याच दिवशी ऊन द्या.

आणि गोळी घरात आणू नका. कुणी आणलीच असेल, लसणाचा किंवा सडक्या मासळीचा वास आला, डोके दुखले, उलटी झाली तर गोळी शोधत बसू नका. आधी माणसे उघड्यावर काढा, मग दवाखाना, आणि डॉक्टरांना 'धान्याची गोळी' हे दोन शब्द पहिल्यांदा सांगा.

कणसातले धान्य

वाचताना माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. नानीच्या काळी टोके एवढे का होत नव्हते? ती तांदूळ साठवतच नव्हती. ती भात साठवायची, टरफलासकट, तट्ट्याच्या कणगीत. पंधरा दिवसांना लागेल तेवढे काढून कांडायचे. भाताचे तूस म्हणजे दाण्याचे चिलखत. ते शाबूत असेल तर सोंडकिड्याला आत शिरणे फार जड जाते. आम्ही सोय म्हणून अख्खे भात एकदम गिरणीतून काढून आणले आणि उघडे दाणे ड्रममध्ये भरले. चिलखत आम्हीच उतरवून दिले.

आणि मग सूरह यूसुफ आठवली. मिसरच्या बादशाहाला स्वप्नाचा अर्थ सांगताना हजरत यूसुफ अलैहिस्सलाम यांनी सुबत्तेच्या सात वर्षांचे पीक, खाण्यापुरते सोडून, कणसातच राहू द्यायला सांगितले होते. लहानपणापासून हा किस्सा ऐकत आले, पण त्यातला तो 'कणसातच' हा शब्द मी कधी थांबून ऐकला नव्हता. मिसरच्या हजारो वर्षांच्या जुन्या थडग्यांत धान्याबरोबर सोंडकिडेही सापडले आहेत. म्हणजे हा शत्रू तेव्हाही दारात होताच.

यंदा दिवाळीनंतर भात आले तेव्हा भाभीने आणि अम्मीने मिळून ते टरफलासकटच भरले. ड्रम उन्हात तापवला, पाला घातला, आणि ड्रम माजघरातून पडवीत गेला. महिन्याला एक पोते गिरणीत जाते. भाचा कुरकुरतो, कारण पोते त्यालाच न्यावे लागते. गेल्या आठवड्यात अम्मीचा फोन आला. गव्हात थोडे किडे दिसले, ऊन दिले आहे, म्हणाली. भाताला मात्र काही नाही. "रमजानला ये," ती म्हणाली, "फितऱ्याचा तांदूळ या वेळी घरचाच द्यायचा आहे, इन्शाअल्लाह."